येऊ दे, मग बघू

२०२२ च्या दिवाळीत नात पुण्याहून साताऱ्याला आली, आणि फराळाचे ताट समोर असताना तिने मोबाइल माझ्या नाकाशी धरला.

"आजी, हे बघ. ही येणार आहे!"

मी चष्मा लावून पाहिले. धावत्या गाडीतून कुणीतरी काढलेला धुरकट फोटो होता. डोंगरातल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आणि तिच्यावर हेल्मेटवाला माणूस. कंपनीचे नाव कुठे दिसत नव्हते. मला तर ती चार मोटारसायकलींसारखीच पाचवी वाटली. पण नातीने बोटांनी फोटो मोठा केला आणि मला शिकवायला सुरुवात केली. "हे पुढे जाळीसारखं दिसतंय ना, हा रेडिएटर. म्हणजे इंजिन पाण्याने थंड होणारं. म्हणजे जुनं इंजिन गेलं, नवीन आलं. हा सायलेन्सर बघ, एकच नळी निघालीय, म्हणजे सिलिंडर एकच. आणि हा पुढचा काटा बघ, उलटा बसवलाय..."

मी तेहतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे ऐकता ऐकता मला हसू आले. ही पोर करत होती ते काम माझ्या ओळखीचे होते! अर्ध्या झिजलेल्या शिलालेखावर तीन अक्षरे शिल्लक असतात. त्यावरून राजा कोण, दान कुणाला, साल कोणते हे आम्ही ठरवतो. फरक एवढाच की आमचा लेख झालेल्या गोष्टीचा आणि हिचा व्हायच्या गोष्टीचा. चूक मात्र दोन्हीकडे एकाच जागी होते. जे असावे असे आपल्याला मनापासून वाटते, तेच आपल्याला पुसट अक्षरांत दिसू लागते.

ती गाडी म्हणजे रॉयल एनफील्डची नवी 'हिमालयन'. या जातीच्या मोटारसायकलींना 'अॅडव्हेंचर टूरर' म्हणतात, म्हणजे डांबरी रस्त्यावर लांब पल्ला मारणाऱ्या आणि रस्ता संपला तरी न थांबणाऱ्या. नातीला ती घेऊन स्पितीला जायचे होते. पैसे साठले होते, रजाही मिळण्यासारखी होती. माझा मुलगा, म्हणजे तिचे बाबा, शेजारीच चकली मोडत बसले होते. ते म्हणाले, "एवढ्या उंचावर जायचं तर गाडी चांगलीच हवी. येऊ दे नवी, मग बघू."

हे वाक्य मी कुठेतरी ऐकले होते...

*

मंडळी, आज ज्यांचे वय चाळिशीच्या आत आहे त्यांना हे खरे वाटणार नाही, पण आमच्या तरुणपणी 'येणारी गाडी' या शब्दांचा अर्थ वेगळा होता. येणारी गाडी म्हणजे नवे मॉडेल नव्हे. नवे मॉडेल येतच नसे. बुलेट १९५५ साली मद्रासला तयार होऊ लागली, आणि पुढची चाळीस वर्षे ती जवळजवळ तशीच राहिली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. म्हैसूरची जावा पुढे येझदी झाली, एस्कॉर्ट्सची राजदूत होती, आणि स्कूटरमध्ये १९७२ पासून बजाजची चेतक. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव! हळदीघाटीची लढाई १५७६ ची. मी वर्गात चेतक घोडा सांगू लागले की मागच्या बाकावरून हमखास स्कूटरचा आवाज निघायचा.

गाडीत तर्क करण्यासारखे काहीच नव्हते. तिचा स्क्रू न् स्क्रू सगळ्यांना पाठ. तर्क एकाच गोष्टीचा – नंबर कधी लागणार? कारखान्याने वर्षाला किती स्कूटरी काढायच्या हे सरकारी परवान्यात लिहिलेले असे. मागणी कितीही वाढो, आकडा वाढवायचा तर दिल्लीची परवानगी हवी. वाटपासाठी १९६० पासून नियंत्रणाचा हुकूमच होता. पोस्टात अडीचशे रुपये अनामत ठेवायची, पासबुक तारण द्यायचे, आणि वाट पाहायची. चेतकची यादी तर दहा दहा वर्षांची झाली होती. ज्यांना धीर नव्हता ते 'ऑन' देऊन घेत. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे विचारीत, "नंबर लावलाय का?" नोंदणीची पावती हीसुद्धा एक मालमत्ता होती.

आमच्या ह्यांनी १९७५ साली नंबर लावला. लग्नाला एक वर्ष झाले होते. माझे माहेर गुहागर. साताऱ्याहून कऱ्हाड, पाटण, कोयना, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि तिथून पुढे गुहागर. एसटी होती, पण चिपळूणला गाडी चुकली की संध्याकाळ होई. मी मे महिन्यात एकदा जायची. आई एकटी असायची. गणपतीला जाऊ का, दिवाळीनंतर दोन दिवस जाऊ का, असे मी विचारले की हे म्हणायचे, "स्कूटर येऊ दे, मग बघू. मग काय, दर दोन महिन्यांनी जाऊ." ते खोटे बोलत नव्हते. त्यांना तसेच वाटत होते. पण 'स्कूटर आली की' हे तीन शब्द आमच्या घरात असे रुजले की पुढे पुढे मी विचारायचीच थांबले.

आई १९८१ च्या श्रावणात गेली. स्कूटर १९८३ ला आली. निळ्या रंगाची. त्या दिवाळीनंतर आम्ही कुंभार्ली घाट उतरून गुहागरला गेलो, मी मागच्या सीटवर. घर बंद होते. शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतली, अंगण झाडले आणि परत आलो.

असो.

*

या जातीच्या मोटारसायकलींचा इतिहास मी नातीमुळे वाचला. वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

साहसाची म्हणून वेगळी गाडी जन्माला आली ती १९८० साली, जर्मनीत. बीएमडब्ल्यू कंपनीने 'आर ८० जी/एस' नावाची गाडी काढली. त्यातले 'जी' म्हणजे गेलेंडे, खडबडीत रान, आणि 'एस' म्हणजे श्ट्रासे, रस्ता. त्याआधी दोन वेगळ्या जाती होत्या. रानात उड्या मारणाऱ्या हलक्या गाड्या वेगळ्या, आणि लांब जाणाऱ्या जड गाड्या वेगळ्या. इथे प्रथमच आठशे सीसीचे, पन्नास अश्वशक्तीचे मोठे इंजिन रानाच्या गाडीत बसवले. पुढचे चाक एकवीस इंचांचे. चाक मोठे का, याचे उत्तर आपल्या बैलगाडीत आहे. लहान चाक खड्ड्यात पडते, मोठे चाक त्याच्यावरून जाते. गाडीचे पोट जमिनीपासून उंच, शॉकअॅब्सॉर्बर लांब, आणि हँडल असे की फूटरेस्टवर उभे राहूनही चालवता यावी. १९८१ ची पॅरिस ते डाकार ही सहारा ओलांडणारी शर्यत ह्युबेर ओरिओल या फ्रेंच माणसाने बीएमडब्ल्यूवर जिंकली, आणि या जातीचे नाव झाले.

मग प्रश्न असा, की १९८० पूर्वी साहस करणारे काय करीत होते? असेल त्या गाडीवर बसून जात होते.

टेड सायमन नावाचा पत्रकार १९७३ साली लंडनहून ट्रायम्फ मोटारसायकलवर निघाला. पाचशे सीसीची साधी रस्त्यावरची गाडी. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आपला भारत असे करत तो १९७७ ला परतला. एक लाख किलोमीटरहून अधिक अंतर झाले. वाटेत गाडी किती वेळा उघडावी लागली याची गणती नाही. पुढे इवन मॅकग्रेगर हा नट २००४ मध्ये बीएमडब्ल्यूच्या भरभक्कम गाडीवर मित्राबरोबर लंडन ते न्यूयॉर्क गेला आणि त्या मालिकेमुळे जगभर या गाड्यांचे वेड पसरले. त्याला स्फूर्ती सायमनच्या पुस्तकाची होती. म्हणजे आधी माणूस साध्या गाडीवर गेला, त्याचे पुस्तक झाले, आणि मग तसे जाता यावे म्हणून खास गाडी हवीशी झाली.

एल्स्पेथ बिअर्ड ही लंडनची वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी. चोविशीच्या आतबाहेरची. १९८२ मध्ये ती एकटी निघाली. तोपर्यंत ती नवी जी/एस बाजारात येऊन दोन वर्षे झाली होती. पण हिच्याकडे होती १९७४ ची जुनी बीएमडब्ल्यू, दुसऱ्या हाताने घेतलेली. त्याच गाडीवर ती जग फिरून १९८४ ला घरी आली. वाटेत भारतही झाला. मोटारसायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ब्रिटिश स्त्री म्हणून आज तिचे नाव घेतात. त्या वेळी तिची फारशी दखलही कुणी घेतली नाही.

आणि आपल्याच मुंबईची गोष्ट सांगू का? १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण सायकलवर जग पाहायला निघाले. त्यातल्या तिघांनी – आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा – १९२८ च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पुरी केली. सुमारे ७१ हजार किलोमीटर! इराण, युरोप, अमेरिका, जपान. इंजिन नाही, गिअर नाही. ते तिघे जर चांगली सायकल येण्याची वाट पाहत बसले असते, तर आज त्यांचे नाव मला कशाला माहीत असते?

*

आता हिमालयनकडे येते. ही गोष्ट मला इतिहासाच्या दृष्टीने मोठी गमतीची वाटते.

रॉयल एनफील्ड मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची. पन्नासच्या दशकात आपल्या सैन्याला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी बुलेट पसंत पडली, आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर इथे कारखाना उभा राहिला. पुढे इंग्लंडमधला मूळ कारखाना बंद पडला आणि मद्रासची शाखा जिवंत राहिली. साम्राज्य बुडाले आणि मांडलिक टिकला असे प्रकार इतिहासात आहेत, त्यातलाच हा एक!

बुलेट तर हिमालयात आधीपासून होतीच. लडाख पर्यटकांना १९७४ मध्ये खुला झाला. मनाली ते लेह रस्त्यावर सामान्य नागरिकांना १९८९ पासून जाता येऊ लागले. तेव्हापासून पोरे बुलेटवर, येझदीवर, पुढे साध्या शंभर सीसीच्या गाड्यांवरही जाऊ लागली. पाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा. माणसाला धाप लागते तशी कार्बुरेटरलाही लागते. पेट्रोल तेवढेच येते, हवा कमी पडते, इंजिन गुदमरते आणि काळा धूर ओकते. मग स्क्रू फिरवून पेट्रोल कमी करायचे, एअर फिल्टर झटकायचा, आणि तरीही चढली नाही तर मागच्याने उतरून ढकलायचे. पोरे ढकलत ढकलत जाऊन आली.

खास अशा रस्त्यांसाठी आपल्याकडे गाडी निघाली ती उशिरा. हीरोने २०११ मध्ये 'इम्पल्स' नावाची दीडशे सीसीची गाडी काढली, पण तेव्हा गिऱ्हाइक तयार नव्हते, ती बंद पडली. मग २०१६ मध्ये हिमालयन आली. ४११ सीसी, साडेचोवीस अश्वशक्ती, पुढे एकवीस इंचांचे चाक, टाकीच्या दोन्ही बाजूंना सामान बांधायला लोखंडी चौकटी. तेव्हाही महिनोन्महिने तर्क चालले होते. आली तेव्हा कित्येकांनी नाके मुरडली. एवढ्या मोठ्या इंजिनातून एवढीच ताकद? पण तिचा जोर कमी वेगातच मिळत असे, आणि घाटात, दगडगोट्यांत तेच हवे असते. पुढच्या वर्षी तिला कार्बुरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन मिळाले. हवा विरळ झाली की पेट्रोल आपोआप कमी. स्क्रू फिरवण्याची गरजच संपली. आकडे पाहून नाक मुरडणारे आपल्या जागी राहिले आणि गाडी घेणारे लेहला जाऊन आले.

म्हणजे बघा, नव्या गाडीचे आकडे जाणकार पोरे बरेच अचूक सांगतात. तिच्यावर बसून कोण कुठे जाईल हे कुठल्या धुरकट फोटोत दिसत नाही.

*

तर दिवाळी २०२२. "येऊ दे, मग बघू." २०२३ चा उन्हाळा आला. स्पितीचे रस्ते उघडले. गाडी आली नव्हती. नातीकडे नवे फोटो आले. हंगाम संपला, रस्त्यांवर बर्फ पडले. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात गोव्याला वागातोरच्या मेळ्यात ती गाडी एकदाची बाजारात आली. ४५२ सीसी, पाण्याने थंड होणारे इंजिन, चाळीस अश्वशक्ती, सहा गिअर, सतरा लिटरची टाकी, आणि समोर नकाशा दाखवणारी गोल काच. किंमत दोन लाख एकोणसत्तर हजारांपासून. नातीचे बहुतेक तर्क बरोबर निघाले. रेडिएटर, एकच सिलिंडर, उलटा काटा! मी तिला फोन करून शाबासकी दिली. म्हटले, "मग आता?"

"आजी, पहिल्या वर्षाच्या गाडीत काही ना काही निघतंच. थोडं थांबते."

बाबा म्हणाले, "शहाणी आहे."

२०२४ चा उन्हाळाही गेला. त्या वर्षाच्या दिवाळीत तिने मला पुन्हा एक फोटो दाखवला. "आजी, दोन सिलिंडरची मोठी हिमालयन येणार आहे म्हणतात. हे बघ, इथे दोन नळ्या दिसतात..."

या वेळी मी चष्मा लावला नाही. फराळ आवरल्यावर तिला गच्चीवर नेले आणि निळ्या स्कूटरची गोष्ट सांगितली. तिने ती स्कूटर फोटोत पाहिली होती. पण १९८१ आणि १९८३ ही दोन साले तिने कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. मीही कुणाला तशी सांगितली नव्हती. हे आता नाहीत, त्यांची तक्रार करायची नव्हती. त्या काळी नाही म्हणायला सरकारी यादी होती. आता यादी गेली. शोरूममध्ये सकाळी पैसे भरा, चार-आठ दिवसांत गाडी दारात. मग नाही म्हणायला नवी सोय लागली. 'पुढचं मॉडेल येऊ दे.' यादीला निदान शेवट तरी होता. एक दिवस नंबर लागे. पुढच्या मॉडेलला शेवट नाही, कारण त्याच्याही पुढचे मॉडेल असतेच.

नात बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजी, बाबा तर म्हणतातच. पण खरं सांगू? मलाही बरं वाटतं. गाडी आली नाही तोवर मला घाबरायचं कारण नाही."

हे मात्र मला सुचले नव्हते. मी समजत होते की थांबवणारा एक आणि थांबणारी दुसरी. सत्तरी उलटल्यावर कळले की मीही कदाचित थोडी तशीच थांबले असेन. एसटी होतीच की! चिपळूणला गाडी चुकली तर संध्याकाळ झाली असती, एवढेच. एकटीने जायची सवय नव्हती, आणि 'स्कूटर आली की' म्हटले की ती सवय करावी लागत नव्हती.

*

२०२५ च्या मे महिन्यात मी पुण्याला गेले तेव्हा नातीची रोजची ऑफिसची गाडी, दीडशे सीसीची, जिन्याखाली उभी होती. टायर नवे कोरे. चेन नवी. मागे सामानाला लोखंडी कॅरिअर जोडलेले. मी काही विचारले नाही. मुलगा म्हणाला, "ऐकत नाही ती. ह्या गाडीवर जाणार म्हणते." मी म्हटले, "माझ्या वाटणीचा आशीर्वाद दिलाय मी. तुझा तू बघ." त्याने रात्री बसून पंक्चरचे सामान, जादा क्लचवायर आणि ब्रेकवायर एका पिशवीत भरून दिली. त्याची तीच पद्धत.

जूनमध्ये गाडी रेल्वेने चंडीगडला पाठवली, ती मागून गेली, आणि तिथून मैत्रिणीबरोबर मनाली, अटल बोगदा करत स्पितीला पोचली. काझाहून फोन आला. आवाज तुटत होता. कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर. तिथे गाडी दमली म्हणे. पहिल्या गिअरमध्येही ओढेना.

"मग गं?" मी विचारले.

"मग काय, उतरले. थोडं अंतर तिच्याबरोबर चालले. मग दोघी चढलो."

दिवाळीला ती आली तेव्हा फराळाच्या ताटाशी बसून पुन्हा मोबाइल काढला. दोन सिलिंडरच्या गाडीचा आणखी एक धुरकट फोटो. मी या वेळी चष्मा लावला आणि नीट पाहिला. खरेच, दोन नळ्या होत्या.

"छान आहे," मी म्हटले. "येऊ दे."

पुढचे दोन शब्द आमच्या घरात आता कुणी म्हणत नाही.